पायापाशी बसणारे डॉक्टर

देवरे डॉक्टरांच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत. एकदा सुरतेच्या चौटा बाजारात मी आणि माझे यजमान चाललो होतो, समोरून डॉक्टर आले. मी ओळखीचं हसले. ते अदबीने बाजूला झाले, आम्हाला वाट करून दिली आणि पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, सिस्टर, तुम्ही पांढऱ्या कपड्यांत नव्हता ना.

पाय मात्र त्यांना एकूण एक आठवायचे. पेशंट आत यायचा, खुर्चीवर बसायचा, मी पट्टी सोडायची. डॉक्टर तोवर खिडकीबाहेर बघत असायचे. पट्टीचा शेवटचा वेढा निघाला की खाली नजर टाकायचे आणि म्हणायचे, "हां, तुम्ही बमरोलीचे. रंगखात्यात आहात. गेल्या होळीला करंगळीखाली फोड आला होता." पेशंट चकित व्हायचा. डॉक्टरांनी अजून त्याच्या तोंडाकडे पाहिलेलंही नसायचं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी ड्रेसिंगच्या खोलीत नर्स होते. माझं माहेर नंदुरबारचं, सासर सुरतेतच. यजमान पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये होते. दवाखान्यात येणारे निम्मे लोक आमच्याच खानदेशातले, लूमवर उभे राहणारे. डॉक्टरही अमळनेरकडचे. माझ्याशी ते पुस्तकातलं वाटावं असं मराठी बोलायचे, लॅबच्या नयनाबेनशी गुजराती, आणि पट्टी सुटली की पेशंटशी थेट अहिराणी.

त्यांची पद्धत अशी की पेशंट खुर्चीवर आणि आपण खाली, लाकडी पाटावर. पाय मांडीवर घ्यायचे. मांडीवर हिरवं कापड, त्यावर तो पाय, आणि दोन्ही हातांत धरून ते तो असे न्याहाळायचे की जणू कुणी त्यांच्याकडे एखादं पाखरू सोपवलंय. परभणीकडची एक म्हातारी होती. मुलगा इकडे गवंडीकाम करायचा, म्हणून तीही आलेली. डॉक्टरांनी पाय मांडीवर घेतला तशी ती एकदम मागे सरकली. एवढ्या शिकलेल्या माणसाने पायाला हात लावायचा म्हणजे आपल्याला पाप लागेल, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी तिची समजूत घातली नाही. शांतपणे म्हणाले, मग आजी, मी तुमच्या पाया पडतोय असं धरा आणि आशीर्वाद द्या. म्हातारीने खरंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ड्रेसिंग संपेपर्यंत तो तिथंच ठेवला.

आमची ड्रेसिंगची खोली पश्चिमेकडची. शेजारी एका रंगवाल्याची गच्ची होती, तिथे ओल्या साड्यांचे लांबच लांब पट्टे वाळत असायचे. दुपारी ऊन त्यांच्यातून आमच्या खोलीत यायचं. कधी सगळी खोली गुलाबी व्हायची, कधी हळदीसारखी. भिंतीपलीकडे लूमची खटखट दिवसभर चालू असायची. ती ऐकू येते हेही आम्ही विसरून गेलो होतो. त्या उजेडात डॉक्टर काम करता करता मधेच थांबायचे. हातात चिमटा, नजर कुठेतरी दूर. नवीन माणसाला वाटायचं, यांना चक्कर आली की काय. मी पेशंटला खुणेने सांगायची, थांबा जरा. थोड्या वेळाने ते आपसूक परत यायचे आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू करायचे. त्यांचा चहा कायम गार व्हायचा आणि तो ते गारच प्यायचे. मोठ्या सर्जनसाहेबांना हे सगळं सहन व्हायचं नाही. त्यांचं मत सरळ होतं: साखरेचा पाय सडला की कापायचा, लवकर कापायचा, माणूस कामाला लागतो. देवरे डॉक्टर वाद घालायचे नाहीत. फक्त म्हणायचे, बघू, हा पाय काय म्हणतो ते.

साखरेचा आजार ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना माहीत असेल, पाय हळूहळू बधिर होतो. गोडादऱ्याचा भिकन पाटील असाच आला होता. चाळिशीचा, उंच, मिशीवाला, गप्पिष्ट. लूमवर काम करताना फणीची एक तुटकी तार त्याच्या चपलेतून तळव्यात घुसली आणि त्याला कळलंच नाही. तसाच पाळी भरून तो चालत घरी आला. बायको रुखमाने फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले आणि ते कुणाचे म्हणून घरभर शोधत राहिली, तेव्हा ते नवऱ्याचेच निघाले. डॉक्टरांनी विचारलं, इतकं लागलं तरी समजलं कसं नाही? भिकन हसून म्हणाला, "मना पाय मनासंगे बोलतच नही, डॉक्टर."

हे वाक्य डॉक्टरांना फार लागलं. दिवसभर ते मनाशी म्हणत होते. माझा पाय माझ्याशी बोलतच नाही.

भिकनची जखम अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने होती. वरून छोटी, आत खोल. डॉक्टरांनी तार काढली, पू काढला, लॅबकडे नमुना पाठवला, रिपोर्टप्रमाणे औषध सुरू केलं. जखम सुकल्यासारखी झाली. काही दिवसांनी पुन्हा ओली. औषध बदललं, पुन्हा तेच. मुंबईहून महाग औषध मागवलं, तरी तेच. नयनाबेन आमच्या लॅबच्या डॉक्टर, सुरतीच, जन्मापासून भागळच्या. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो खराही होता. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, माझ्या काचेच्या बशीत हेच जंतू याच औषधाने एका दिवसात मरतात. तुमच्या पेशंटच्या पायात मरत नसतील तर ती चूक माझ्या बशीची नाही.

डॉक्टर म्हणाले, तुमची बशी खरी आहे आणि पायही खरा आहे. मग मधे काय आहे?

ते बरेच दिवस याच विचारात होते. कुठल्या तरी कॉलेजातल्या मित्राकडून त्यांनी काही लेख मागवले. त्यात लिहिलं होतं की जंतू नेहमी एकेकटे तरंगत नसतात. ओल्या जागेला चिकटून ते एक बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थरात राहतात. औषध वरवरच्यांना मारतं, खालचे तसेच राहतात. औषध थांबलं की पुन्हा वाढतात. डॉक्टरांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं, म्हणजे तापीच्या घाटावरच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तसं? ते म्हणाले, तसंच. आणि कितीही पाणी ओता, पाय घसरतोच. मग पुढे म्हणाले, ते खरवडावं लागतं.

नयनाबेनना पटलं नव्हतं, पण त्यांनी एक करून पाहिलं. भिकनच्या जखमेच्या तळातून डॉक्टरांनी खरवडून काढलेला तुकडा त्यांनी घेतला, त्यातले जंतू एका काचेच्या नळीत, जंतू वाढवायच्या पाण्यात, वाढवले. मग ते पाणी ओतून दिलं. नळी अलगद धुतली. आत जांभळा रंग टाकला, तोही धुऊन काढला. आणि डॉक्टरांना बोलावलं. मीही मागोमाग गेले.

रिकामी नळी होती. पण तिच्या आतल्या भिंतीला एक जांभळा पडदा चिकटलेला होता. जुन्या काचेवर धूर बसावा तसा.

डॉक्टरांनी ती नळी खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. किती वेळ ते तिच्याकडे बघत होते कोण जाणे. नयनाबेन हात पुसत उभ्या होत्या. मला आठवतं ते डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं नवल. शत्रू सापडल्याचा आनंद वगैरे त्यात नव्हता. एखाद्या अनोळखी गावाचा दिवा रात्रीच्या गाडीतून दिसावा, तिथे कोण राहत असेल असं वाटावं, तसा चेहरा होता. शेवटी म्हणाले, "घरं बांधून राहिलेत हो. आपण आपले अंगणात औषध शिंपडतोय."

त्यानंतर आमचं काम बदललं. दर थोड्या दिवसांनी भिकनने यायचं, डॉक्टरांनी पाटावर बसायचं, जखमेचा तळ छोट्या धारदार चमच्याने खरवडून ताजा लाल करायचा, आणि तो थर पुन्हा जमायच्या आत औषध पोचवायचं. इतर कुणी पेशंट असता तर ओरडला असता. भिकनचा पाय बधिर, त्यामुळे तो वर गप्पा मारायचा. गावाकडच्या तमाशाच्या, म्हशींच्या, एका भावकीतल्या लग्नाच्या जिथे नवरदेवच रुसून निघून गेला होता. डॉक्टर खाली मान घालून खरवडत असायचे आणि मधेच हसायचे. रुखमा दाराशी उभी राहून बघायची. तिला डॉक्टरांनी घरी पाय कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या ते शिकवलं होतं. पायावर भार देऊ नको असं भिकनला बजावलेलं होतं. पण लूमवर बसून कसं चालेल? मालकाला सांगून त्याने काही दिवस बॉबिन भरायचं बैठं काम मिळवलं. जखम भरत आली. खरोखर भरत आली. कडेने कोवळी गुलाबी कातडी यायला लागली, आणि डॉक्टर ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना बोलावून दाखवायचे. मोठ्या सर्जनसाहेबांनाही दाखवली. ते बघून गेले, आणि त्या महिन्यात त्यांनी स्वतःचे एक-दोन पेशंट आमच्याकडे पाठवले.

आणि मग प्लेगची बातमी आली.

ज्यांनी ते दिवस सुरतेत काढले त्यांना वेगळं सांगायला नको. गणपती नुकतेच गेले होते. सकाळी कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं शहर स्टेशनवर होतं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, डोक्यावर ट्रंका, काखेत पोरं. लूम थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या खोलीत शांतता ऐकू आली आणि ती मला आवडली नाही. माझ्या मुलांना यजमानांनी नंदुरबारला माझ्या आईकडे पोचवलं. आमच्या दवाखान्यातलेही निम्मे लोक गेले. रंगवाल्याच्या गच्चीवरच्या साड्या कुणी काढल्या नाहीत. त्या उन्हात विटत तशाच लोंबत राहिल्या.

भिकन आणि रुखमाही गेले. जाताना रुखमा धावत दवाखान्यात येऊन गेली. म्हणाली, दोंडाईच्याच्या पलीकडे आमचं गाव आहे, दिरांनी बोलावलंय. मी तिला पट्ट्या आणि औषध दिलं. आठवड्याभरात परत या म्हणाले. आठवडा गेला, दुसराही निम्मा गेला. डॉक्टर रोज येऊन रिकाम्या खोलीत पाटावर बसायचे. एका दुपारी म्हणाले, "सिस्टर, माणसं पळाली. पायातले कुठे पळणार? ते त्यांच्याबरोबरच गेले." आणि मग म्हणाले, मी दोंडाईच्याला जाऊन येतो.

मला मुलांना भेटायचं होतंच. शिवाय ड्रेसिंग करायला जोडीला हात हवा. मी म्हटलं, मीही येते. ट्रस्टच्या व्यवस्थापकांना आम्ही सांगून निघालो, पण मागे बोलणं झालंच की देवरेही पळाले.

ताप्ती लाइनच्या पॅसेंजरला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर दाराशी, औषधाची पिशवी छातीशी धरून उभे. नंदुरबारला मी मुलांना पाहिलं, आईच्या हातचं जेवले, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही पुढे गेलो. दोंडाईच्याहून बैलगाडीने. कापसाला बोंडं धरली होती. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि सगळीकडे इतकं निवांत होतं की आपण कशासाठी आलो हे क्षणभर विसरायला व्हावं. डॉक्टर तर विसरलेच असावेत. गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते आणि उडणाऱ्या धुळीकडे बघत होते.

गावाच्या वेशीशी आम्हाला अडवलं. सुरतेहून आलात का, असं विचारलं. डॉक्टरांनी हो म्हटलं. मग त्यांनी भिकनची चौकशी केली तेव्हा लोकांनी मळ्याकडे बोट दाखवलं. सुरतेहून आलेल्या कुणालाच गावात घेत नव्हते. भिकन आणि रुखमा भावाच्या मळ्यातल्या खोपीत राहत होते. भाकरी बांधावर आणून ठेवली जायची. तालुक्याच्या डॉक्टरनेही हात लावायला नकार दिला होता. सुरत हा शब्द ऐकूनच.

खोपीत शिरण्याआधीच मला वास आला आणि मी समजले. भिकन बाजेवर पडला होता, अंग तापलेलं. पट्ट्या संपल्यावर रुखमाने आपलं जुनं लुगडं फाडून, उकळून, वाळवून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. तिने काहीही चुकवलं नव्हतं. पण खरवडणारं कुणी नव्हतं. ती कोवळी गुलाबी कातडी कुठेच नव्हती. अंगठा काळा पडला होता, सूज घोट्याच्या वर गेली होती. भिकनने डॉक्टरांना पाहिलं आणि त्याला आधी विश्वासच बसला नाही. मग तो नेहमीसारखा हसायला गेला. डॉक्टर जमिनीवर बसले. पाय मांडीवर घेतला. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघितल्यासारखे कुठेही बघत नव्हते.

तिथे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. दुपारच्या गाडीने आम्ही त्याला सुरतेला आणलं. येतानाची ती गाडी मी विसरणार नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या टपावरसुद्धा माणसं होती आणि आमच्या डब्यात आम्ही चौघंच. बाकांवर बाकं रिकामी. भिकन एका बाकावर झोपलेला, त्याचा पाय डॉक्टरांच्या मांडीवर, रुखमा खाली बसून त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती. नवापूरच्या पुढे डोंगरांत ऊन तिरपं झालं. सगळा डबा सोनेरी झाला. भिकन तापात म्हणाला की गाडी पाण्यावरून चाललीय का. डॉक्टर म्हणाले, हो, तापी आहे. तापी तिथे नव्हती. भिकन समाधानाने पडून राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा काढला, आतला पू काढला, जेवढं खरवडता येईल तेवढं खरवडलं. ताप उतरला आणि पुन्हा चढला. नयनाबेन त्या सगळ्या दिवसांत एकदाही घरी बसल्या नव्हत्या. तोंडाला ओढणी बांधून रोज भागळहून चालत यायच्या. त्यांनी हाडाचा तुकडा तपासला. थर हाडात शिरला होता. मोठे सर्जनसाहेब गावाबाहेर होते. निर्णय देवरे डॉक्टरांनीच घ्यायचा होता आणि ते तो घेत नव्हते. अजून एक दिवस बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. ते भ्याले होते. भिकनच्या खाटेशी बसून, तो पाय धरून, जणू कान देऊन ऐकत होते.

दुपारी नयनाबेन वॉर्डात आल्या. डॉक्टरांच्या मागे उभ्या राहून, अगदी हळू आवाजात, आपल्या भाषेत म्हणाल्या, "साहेब, हवे पग ना जुओ. माणस जुओ." आता पायाकडे बघू नका, माणसाकडे बघा.

डॉक्टरांनी मान वर केली. आणि मी पाहिलं, त्यांनी भिकनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, मिशी अस्ताव्यस्त. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या उशाशी जाऊन बसले.

"भिकन," ते म्हणाले, "तुना पाय माले वाचाडता उना नही. आते तुले वाचाडनं शे." तुझा पाय मला वाचवता आला नाही, आता तुला वाचवायचंय.

भिकन शुद्धीवर होता. म्हणाला, "माले नका सांगू. रुखमाले सांगा. पायनी सेवा तिनीच करेल शे." पायाची सेवा तिनेच केलीय.

रुखमा दाराशीच होती. तिने ऐकलं होतं. ती रडली नाही. माझ्याकडे येऊन तिने कोमट पाणी मागितलं. मी दिलं. तिने नवऱ्याचे दोन्ही पाय धुतले, आधी चांगला, मग दुसरा, डॉक्टरांनी शिकवलं होतं अगदी तसे. बोटांच्या बेचक्यांतून फडका फिरवून कोरडे केले. मग पदराला हात पुसून म्हणाली, घ्या. आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

गुडघ्याखाली पाय कापावा लागला. ऑपरेशन देवरे डॉक्टरांनीच केलं, मी हाताशी होते. हात त्यांचे स्थिर होते. झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि नळाखाली खूप वेळ हात धरून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी भिकनला भूक लागली आणि त्याने रुखमाकडे ठेचा मागितला, तेव्हा वॉर्डात हसणारे आम्हीच होतो. बाकी खाटा रिकाम्या होत्या.

शहर हळूहळू परत आलं. लूम सुरू झाले. मोठे सर्जनसाहेब परत आले तेव्हा त्यांनी केस पाहिली आणि म्हणाले की हे आधीच केलं असतं तर बिचाऱ्याचे इतके हाल झाले नसते. देवरे डॉक्टर म्हणाले, कदाचित. मग म्हणाले, आणि तो गावाला गेला नसता तर पाय राहिलाही असता. दोन्ही खरं असेल. त्यानंतर त्यांनी असे कितीतरी पाय वाचवले, आणि काही कापलेही. पण आता अजून एक दिवस बघू म्हणायच्या आधी ते एकदा मान वर करून तोंडाकडे बघायचे. चेहरे तरी लक्षात राहत नव्हतेच.

आणखी एक झालं. ते गोडादऱ्याला जायला लागले. रविवारी सकाळी, सायकलवर, पिशवीत एक आरसा आणि एक कापसाचा बोळा. कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे आणि लोकांचे पाय बघायचे. जखम झालेले नव्हे, न झालेले. डोळे मिटायला सांगून कापसाने तळव्याला स्पर्श करायचे आणि विचारायचे, कुठे लागलं सांगा. सुरुवातीला लोक हसायचे. साखर झालीय हेही अर्ध्यांना माहीत नसायचं. मग भिकनला कृत्रिम पाय मिळाला आणि तो बॉबिनच्या कामावर लागला, तेव्हा तो डॉक्टरांच्या पुढे पुढे चालायला लागला. दारोदार जाऊन सांगायचा, चपला सोडा, डॉक्टर येताय. नाही म्हणणाऱ्याला तो पँट वर करून आपला पाय दाखवायचा. बोलायची गरज पडायची नाही. बायका मात्र लाजायच्या. त्यांच्यासाठी रुखमा यायची. आरसा कसा धरायचा आणि स्वतःचा तळवा स्वतः कसा बघायचा ते ती दाखवायची. नयनाबेननी एकदा ती जांभळी नळीही तिथे नेली होती. एका म्हातारबुवांनी ती हातात घेऊन विचारलं, ह्यात देव आहे का. डॉक्टरांना त्याचं हसू आलं नाही. म्हणाले, जिवंत आहे खरं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा डॉक्टरांनी काम सोडायचं ठरवलं. मुलगी नाशिकला होती, तिने बोलावलं होतं. जायच्या आधीची ती संक्रांत. सुरतेत त्या दिवशी घरात कुणी नसतं, सगळं गाव गच्चीवर. आमच्या वॉर्डातली माणसं मात्र खाटांवर पडून वरचा आरडाओरडा ऐकायची. त्या वर्षी डॉक्टरांनी वॉर्डबॉयना सांगून ज्यांना ज्यांना हलवता येत होतं त्यांना खुर्च्यांवर बसवून दवाखान्याच्या गच्चीवर नेलं. गाद्या घातल्या. नयनाबेननी घरून उंधियू आणलं. रुखमाने तिळाच्या वड्या. भिकन कठड्याला पाठ टेकून पतंग उडवत होता आणि परभणीकडच्या त्या आजी त्याला इकडे घे, तिकडे घे म्हणून सांगत होत्या.

एका पतंगाचा मांजा भिकनने डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांना काही पतंग उडवता येत नव्हता. ते गादीवर उताणे पडले, मांजा बोटाला गुंडाळला आणि वर बघत राहिले. मी खाली दोन ड्रेसिंग होती ती करायला गेले.

परत वर आले तेव्हा उन्हं कलली होती. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर गोंधळ चालला होता, थाळ्या वाजत होत्या. आणि देवरे डॉक्टर झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा छातीवर श्वासाबरोबर वरखाली होत, एक हात गादीबाहेर. बोटाला मांजा तसाच. वर, फार वर, त्यांचा पतंग न हलता उभा होता. इतक्या पतंगांच्या गर्दीत तो कुणी कसा कापला नाही, नवलच. मी त्यांना हाक मारणार होते. भिकनने ओठांवर बोट ठेवलं.

वारा पडेपर्यंत आम्ही कुणीच त्यांना उठवलं नाही.